गुणवंतभाऊंनी तार घेतली नाही

"एक मोबाईल, एक टोपलं शेण."

हा गुणवंतभाऊंचा भाव होता, आणि त्यात घासाघीस चालत नसे. त्या उन्हाळ्यात बोरगावकडच्या त्यांच्या गावाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली, नवी यायला आठ-दहा दिवस लागले आणि सगळं गाव मोबाईल घेऊन त्यांच्या संत्र्याच्या बागेत येऊ लागलं. त्या शिवारात तेवढं एकच घर होतं, ज्याला डीपीचं सुतक नव्हतं. छपरावर आठ सोलर पॅनल, ओसरीच्या कोपऱ्यात बॅटऱ्या, मागच्या अंगाला गोबरगॅसचा डोम. ओसरीत त्यांनी एक लांब फळी ठोकली होती. तिच्यावर लोकांचे मोबाईल ओळीनं निजवलेले असत. वेळ अकरा ते तीन. तीननंतर कोणी आलं की म्हणत, "आता सूर्यनारायण घरी जाऊन राह्यला. त्याले उद्या भेटा."

एके दिवशी शाळेतले गुरुजी आले. पांढरा सदरा, मोटारसायकल, आणि पुढं टाकीवर एका हातानं धरलेलं शेणाचं टोपलं. गुरुजींचं तोंड असं झालेलं, की आता मोबाईल नसला तरी चालेल.

"भाऊ, त्यापेक्षा पैसे घ्या ना हो."

"पैसे टाकले त डोम फुगत नाय, गुरुजी."

"लोक हासून राह्यले रस्त्यानं."

"हासू द्या. उद्या तेही टोपलं घेऊनच येते. कोन्त्या जनावराचं हाय?"

"म्हशीचं."

"चालते. मोबाईल मोठा हाय तुमचा, म्हशीचंच पायजे होतं."

ओसरीत बसलेली सगळी माणसं हसली, गुरुजीही हसले. मीही तिथं होतो. माझाही मोबाईल फळीवर होता. माझ्याकडून त्यांनी टोपलं घेतलं नाही. म्हणाले, "हा बिजली ऑफिसचा मानूस. याच्यापाशी शेण कुठून येईन? याच्यापाशी आश्वासन राह्यते फकत."

मी हसलो. त्यांच्या ओसरीत मी नेहमी सगळ्यांच्या बरोबर हसत असे.

गुणवंतभाऊंना जाऊन आता दोन पावसाळे झाले. त्याच बागेत, त्याच ओसरीत गेले. सौंसर, पांढुर्ण्याकडून माणसं आली होती म्हणतात. बिजली ऑफिसची जुनी माणसंही आली होती. मी गेलो नाही. ज्या माणसाकडे मी दहा-बारा वर्षं दर पंधरा दिवसांनी जात होतो, त्याच्या मयतीला का गेलो नाही, हे मला आजवर बऱ्याच लोकांनी विचारलं. तब्येत ठीक नव्हती असं सांगत आलो. तब्येत ठीक होती.

तो माणूस कसा होता ते आधी सांगतो. माझं मागाहून.

उंच, वाळका, आणि बोलताना मान एका बाजूला कलती. लांबून कोणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून लाईनमनची मान तशी होते, असं ते सांगत. उजवा हात मनगटाच्या वर संपलेला. सदऱ्याची ती बाही वत्सलावयनी रोज सकाळी दुमडून टाचून देत. डाव्या हातानं ते लिहायला शिकले होते आणि आपल्या अक्षराबद्दल म्हणत, "कोंबडीपेक्षा बरं हाय. कोंबडीले काना-मात्रा येत नाय."

पंचवीस-सव्वीस वर्षं त्यांनी खांबांवर काढली होती. सौंसरच्या आसपासचा एकेक खांब त्यांना माणसासारखा ठाऊक होता. हा नाल्यातला खांब पावसाळ्यात झुकते, त्या वडाजवळच्याले मुंग्या लागते. आणि गंमत अशी की अशा माणसाच्या घरात तार नव्हती. बांधाला लागून खांबांची रांग गेलेली. हात लांब केला तर लाईट मिळावी. पण अपघातानंतर नोकरी सोडून ते या तीन एकरांत राहायला आले आणि त्यांनी कनेक्शन घेतलं नाही. लोक म्हणत, करंट लागला तेव्हापासून भाऊ तारेला घाबरतात. ते घाबरत नव्हते. आमचा एखादा लाईनमन त्यांच्या बांधाजवळच्या खांबावर चढला की ते खाली जाऊन उभे राहत, त्याला पाणी देत, आणि तो उतरेपर्यंत हलत नसत.

सकाळी उठल्यावर पहिलं काम पॅनल पुसणं. वयनींच्या जुन्या लुगड्याचं एक ओलं फडकं बांबूला बांधलेलं असे. डाव्या हातानं, खालून उभ्यानं, एकेक पॅनल. "देवाचं तोंड धुऊन झालं," असं म्हणून मग स्वतःचं धूत. बॅटरीला ते म्हातारी गाय म्हणत. "अर्ध्याच्या वर पिळू नाही तिले. पुरं पिळलं त दोन वर्सांत भाकड होते. लोकायच्या बॅटऱ्या काहून मरते? हावरेपणानं मरते." टीव्ही होता, पण गाईनं हो म्हटलं तरच लागे. काटा खाली गेला की सिनेमा कितीही रंगात आलेला असो, बंद. वयनी कितीतरी सिनेमांचा शेवट शेजारच्या बायांकडून ऐकत.

त्या घराची श्रीमंती दुपारी असे. बॅटऱ्या भरलेल्या आणि ऊन सांडून चाललेलं. मग मिक्सर, पंखा, इस्त्री, सगळं त्याच वेळी. शेजारच्या मळ्यांतल्या बाया मिरच्या, धणे, खसखस घेऊन वाटायला येत. ओसरीत मसाल्याचा खकाणा, सगळ्यांना ठसका, पंप चालू असल्यामुळे पाटातून पाण्याचा आवाज, आणि संत्र्याला फूल असलं तर त्या खकाण्यातूनही तो वास. सौंसरच्या माझ्या घरात सगळं आहे, कूलरसुद्धा दोन आहेत. पण दुपारी इतकं सुख मला दुसरीकडे कुठं मिळालं नाही. मी चोरून घेत होतो, तरी सुख होतं.

पावसाळ्यात झड लागली, चार-चार दिवस सूर्य दिसेना, की राज्य उलटं होई. मिक्सर बंद, टीव्ही बंद, एक दिवा तेवढा. वयनी पाट्यावर चटणी वाटता वाटता मोठ्यानं म्हणत, "बाकीच्या बायांचा नवरा दारू पेते. माहा ढगाकडे पाह्यते."

"ढग उधार नाय मागत," भाऊ म्हणत.

"आन् वरवंटा काय म्हनते? त्याले तं मीच दिसते."

मग भाऊ उठून त्यांच्या हातातला वरवंटा घेत आणि एका हातानं चटणी वाटत. ती चटणी जाडीभरडी होई. "ढगाळ चटणी" असं तिचं नाव होतं. ती खायला म्हणून मी झडीत मुद्दाम गेलेलो आहे.

गोबरगॅसचा मात्र ते मान ठेवून बोलत. "हे सासू हाय. टायमावर खाऊ घाला, गरम पानी द्या, थंडीत पांघरून घाला. तरी रुसतेच." हिवाळ्यात डोमवर ते खरंच कडब्याचं पांघरूण घालत. एकदा पांढुर्ण्याचा एक संत्र्याचा व्यापारी आला होता. चहा कशावर केला ते कळल्यावर त्याचा कप ओठाजवळच थांबला. भाऊ म्हणाले, "शेठजी, चुलीत गवरी जाळून केला असता तं पेला असता ना? ते शेण दिसते म्हणून पवित्र, आन् हे दिसत नाय म्हणून बाटलं?" शेठजी प्यायले. दुसरा मागितला.

आणि त्यांची पाटी. शाळेतल्या पोराची असते तशी दगडी पाटी, स्विचबोर्डशेजारी खिळ्याला टांगलेली. पंप चालू केला की तिच्यावर लिहायचं. बंद केला की पुसायचं. गॅसचा कॉक उघडला, लिहायचं. आणि नुसतं लिहून भागत नसे.

"वत्सला, पंप बंद?"

"बंद."

"पाह्यला?"

"पाह्यला."

"हात लावून?"

"लावला वो हात. जेवा आता."

दिवसातून दहा वेळा हे चाले. आम्ही हसायचो. शेजारचे सदाशिवराव तर लांबून भाऊ दिसले की ओरडत, "भाऊ, सूर्य बंद केला काय? हात लावून पाह्यला?" मीही त्या वेळी हसत असे. पण ती पाटी त्या भिंतीवर कोणी टांगली होती, हे तिथं बसलेल्या माणसांपैकी मला एकट्यालाच ठाऊक होतं. ती मी टांगली होती.

आता ते सांगतो.

मी तेव्हा सब-स्टेशनवर ऑपरेटर होतो. लाईनमनला लाईनवर काम करायचं असलं की तो येऊन परमिट लिहून घेतो, आम्ही ब्रेकर उघडतो, म्हणजे लाईन बंद करतो, आणि तो परत येऊन सही करीपर्यंत लाईन चालू करायची नाही, हा नियम. गुणवंतभाऊंचा स्वतःचा आणखी एक नियम होता. ते गळ्यातला दुपट्टा काढून त्या फीडरच्या, म्हणजे त्या लाईनच्या, ब्रेकरच्या हँडलला गुंडाळून जात. हँडल फिरवायचं तर आधी दुपट्टा काढावा लागे. "कागद वाचाले डोळे लागते," ते म्हणत. "दुपट्टा आंधळ्यालेही लागते." परत आले की दुपट्टा स्वतः काढून गळ्यात टाकत, आणि मगच आम्ही लाईन चालू करायची. सगळ्या ऑपरेटरांना हे माहीत होतं. त्यांच्या दुपट्ट्याला आम्ही कागदापेक्षा जास्त मानत होतो. इतकं, की छोट्या कामाला कागद लिहायचंही राहून जाई.

त्या दिवशीही राहिलं. नाल्याकडच्या एका खांबावरचं जंपर, म्हणजे जोडतार, जळालं होतं, अर्ध्या तासाचं काम. "येऊन लिहू," असं म्हणून त्यांनी दुपट्टा बांधला, आपली सायकल सब-स्टेशनच्या भिंतीला लावली आणि शेषराव नावाच्या दुसऱ्या लाईनमनच्या मोटारसायकलवर बसून गेले.

दिवस ताण तोडण्याचे होते. आमच्याकडे संत्र्याला फूल यावं म्हणून महिना-दीड महिना पाणी तोडतात, झाड सुकल्यासारखं होऊ देतात, आणि मग ठरल्या दिवशी पाणी सोडतात. त्याला ताण देणं आणि ताण तोडणं म्हणतात. ताण तोडायला उशीर झाला तर वर्ष जातं. त्यामुळे तास उलटून गेला तसे शेतकरी सब-स्टेशनच्या फाटकाशी जमायला लागले. दीड तास झाला. मी भाऊंना फोन लावला, लागला नाही. त्या नाल्याकडे रेंज नव्हती. फाटकावरची माणसं आत आली. त्यांच्यात माझे सासरे होते. त्यांची बाग त्याच फीडरवर.

"काम कवाचं झालं असन," कोणीतरी म्हणालं. "गुणवंता सौंसरले चहा पीत बसला असन."

मी म्हटलं, "दुपट्टा हाय अजून."

तेव्हा माझे सासरे सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पाहा, आमचे जावई. फडक्याले भेते."

लोक हसले. तेवढंच झालं. त्यापेक्षा मोठं काही कारण मी आजवर शोधून पाहिलं, सापडलं नाही.

दुपट्टा मी काढला. माझ्या हातानं, गाठ सोडवून. हँडल फिरवलं. ब्रेकर लगेच ट्रिप होऊन लाईन पुन्हा बंद पडली, आणि तो आवाज ऐकताच मला कळलं. जमलेल्या लोकांना कळलं नाही, ते लाईन पुन्हा गेली म्हणून शिव्या देत पांगले. थोड्या वेळानं शेषरावांनी रेंजमध्ये येऊन फोन केला. लाईन चालू व्हायच्या दोनच मिनिटं आधी ते पाणी प्यायला खाली उतरले होते. भाऊ वर होते. खाली नांगरलेली काळी जमीन होती म्हणून जगले.

मग मी जे केलं ते घाबरून केलं असं म्हणायची सोय नाही. मी शांतपणे केलं. दुपट्टा घेतला, नीट घडी घातली, बाहेर गेलो आणि भाऊंच्या सायकलच्या कॅरिअरला लावला. चौकशीत सांगितलं की भाऊ दुपट्टा बांधायला विसरले, हँडल मोकळं दिसलं म्हणून मला वाटलं काम संपलं. परमिट नव्हतंच. दुपट्टा सायकलवर सापडला. फाटकावरच्या माणसांना कोणी विचारलं नाही, माझ्या सासऱ्यांनाही नाही. विचारलं असतं तर ते काय बोलले असते ते मला माहीत नाही; आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. भाऊंची चूक ठरली.

नोकरी त्यांची कोणी काढली नाही. दवाखान्यातून आल्यावर त्यांना बसून करायचं काम देत होते. त्यांनीच राजीनामा दिला. साहेबांना म्हणाले, "जो मानूस आपला दुपट्टा इसरते, त्याच्या भरोशावर दुसऱ्यानं खांबावर चढू नाही."

त्यानंतर चार वर्षं मी त्यांना टाळलं. सौंसरच्या बाजारात दिसले की गल्ली बदलत होतो. मग घरोघरी कनेक्शन देण्याचं काम निघालं, आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांचं कारण लिहून आणायचं होतं. यादीत त्यांचं नाव आलं आणि साहेबांनी मलाच पाठवलं, का तर तुझ्या ओळखीचे आहेत.

मला पाहून ते ओसरीतून पळत आले. "वत्सला, मनोहर आला! चहा ठेव! काहून रे, चार वर्सं झाले, मेलो का जगलो पाहाले नाय आला?" मला बाजेवर बसवलं, पॅनल दाखवले, म्हाताऱ्या गाईची ओळख करून दिली. फॉर्मवर कारण लिहायचं आहे म्हटल्यावर म्हणाले, "लिव्ह, गरज नाय."

"असं चालत नाही भाऊ. खरं कारण लिहावं लागते."

मग म्हणाले, "खरं सांगू? त्या दिवशी शेषराव माह्याच संग वर होता. दोन मिनिट आधी उतरला. नसता उतरला तं माह्या इसरण्यानं त्याचे लेकरं उघडे पडले असते. ज्या तारेवर मी असं केलं, तिचा उजेड मी कोन्या तोंडानं घेऊ? आपली लाईट गेली तं आपल्यासाठी कोनीतरी खांबावर चढते, मनोहर. माह्यासाठी कोनी चढू नाही. म्हणून हे सूर्याचं. सूर्याले खांब नाय लागत."

मी फॉर्मवर लिहिलं, गरज नाही. वयनींनी चहा आणला. मी प्यायलो.

त्या दिवसापासून मी जाऊ लागलो. दर पंधरा दिवसांनी, बहुधा रविवारी दुपारी. लोक म्हणत, काय मैत्री आहे. दर वेळी मी घरून निघताना ठरवून निघत होतो की आज सांगायचं. बागेच्या वळणापर्यंत वाक्य तयार असे. ओसरीत भाऊ म्हणत, "वत्सला, चहा," आणि चहा झाला की मिरच्यांच्या बाया येत, नाही तर पंपाचा काही खटका निघे. मी त्यांचं वायर सोलून देई, नट आवळून देई. त्यांचा उजवा हात होऊन मी बारा वर्षं तिथं नट आवळले. त्यानं काही फिटत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

शेवटचं गेलो ते फाल्गुनात. ताण तुटलेला, बाग पांढरी झालेली. मी मोटारसायकल लावतो तोच भाऊ म्हणाले, "बरं झालं आला. या पॅनलले गिऱ्हाईक पाह्यजो."

"काहून, भाऊ?"

"आमी नागपूरले चाललो. पोरीकडे."

वयनी दाराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. डोळे सुजलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"परवा गॅसचा कॉक चालू राह्यला," भाऊ म्हणाले. "हे अंदर निजली होती. वास आला म्हणून उठली, नाय त... पाटीवर मी 'बंद' लिवून ठेवलं होतं, मनोहर. मी बंद केल्याचं मले अजूनही पक्कं याद हाय. बोट दुखल्याचंही याद हाय. पन चालू होता."

"अहो, मीच नंतर दूध गरम केलं असन आन् इसरली असन," वयनी म्हणाल्या. "दोन दिवसांपासून सांगून राह्यली."

"तू माह्यासाठी खोटं बोलून राह्यली." मग मला म्हणाले, "तो दुपट्टाही मले असाच पक्का याद हाय. हँडलले दोन वेढे, एक गाठ. आताही डोळ्यापुढं दिसते. पन सापडला सायकलवर. मंग माह्या याद असण्याले काय किंमत राह्यली? पोरीचं घर तिसऱ्या मजल्यावर हाय. तिथं बटनं तिचे, गॅस तिचा. मी काहीले हात लावत नाय. एका खुर्चीवर बसून राह्यतो. निदान हे तं जिवंत राह्यन."

ओसरीत पंखा फिरत होता. बाहेर पाटातून पाणी चाललं होतं. मी वाक्य तयार करून आलो नव्हतो. म्हणूनच निघालं असेल.

"भाऊ, दुपट्टा हँडललेच होता."

"काय म्हनतं?"

"दोन वेढे, एक गाठ. मी सोडवला. लाईन मी चालू केली. मग मीच तो तुमच्या सायकलवर नेऊन ठेवला."

मला वाटलं होतं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी जे विचारलं त्याची मी कधी कल्पना केली नव्हती.

"कसा ठेवला?"

"घडी घालून."

"घडी घालून," ते म्हणाले. मग पुन्हा, "घडी घालून." आणि वयनींकडे वळले. "वत्सला, मी जिंदगीत कधी दुपट्ट्याची घडी केली का?"

"तुमी चादरीची नाय केली कधी."

"घडी घालून सापडला, असं साहेबानं वाचून दाखवलं होतं मले. दवाखान्यात. मी आयकलं होतं! आन् माह्या ध्यानात आलं नाय, वत्सला! सोळा वर्सं!"

वयनी उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "मी यायले रोज सांगत होती, तुमी इसरनारे मानूस नाय. रोज. हे म्हनत, कागदात लिवलं हाय, कागद खोटा राह्यते का." मग म्हणाल्या, "भाऊजी, किती चहा पेला हो तुमी माह्या हातचा?"



मी लेखी देतो, उद्याच ऑफिसला जातो, असं काहीतरी बोललो. पुढं मी ते दिलंही. त्याचं जे व्हायचं ते झालं आणि योग्यच झालं. पण त्या वेळी ते दोघंही माझं ऐकत नव्हते. भाऊ ओसरीच्या पायरीवरून खाली उतरले, अनवाणीच, आणि झाडांमधून चालू लागले. एकदाही वळले नाहीत. वयनींनी गॅसकडे पाहिलं नाही की मला बस म्हटलं नाही. आमच्याकडे निघणाऱ्याला कोणी जा म्हणत नाही, येजा म्हणतात. त्या म्हणाल्या, "जा आता."

मी मोटारसायकल ढकलतच वळणापर्यंत आणली. तिथून बाग उतारावर पसरलेली दिसते. पांढऱ्या झालेल्या झाडांपलीकडे भाऊ बांधावर चढले होते आणि पलीकडच्या मळ्यात पाणी धरून उभ्या असलेल्या सदाशिवरावांना हाका मारत होते.

"सदाशिव! ए सदाशिव! मी इसरलो नव्हतो गा!"

सदाशिवराव फावडं टेकून उभे राहिले. "काय इसरले, भाऊ?"

"काहीच नाय! म्या काहीच इसरलो नव्हतो!"

माझं नाव त्यात नव्हतं. मी ऐकत होतो, पण त्यांनी ते घेतलं नाही. सदाशिवरावांना काही कळलं नसावं. त्यांनी नुसता हात वर केला. भाऊंना तेवढं पुरलं नाही. त्यांनी धोतराचा सोगा डाव्या हातात धरला, बांधावरून खाली उडी मारली आणि पाटाच्या चिखलातून भराभरा पुढच्या मळ्याकडे निघाले. तिथं बाया कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उपटत होत्या. त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच त्यांनी ओरडायला सुरुवात केली होती.